बॅट कोणी केली?

गेल्या दिवाळीत आम्ही आमच्या मूळ गावी, अमडापुरास, चार दिवस राहून आलो. चिखलीहून खामगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. सोयाबीन घरी आलेले होते, कपाशी फुटू लागली होती, आणि मोकळ्या झालेल्या वावरांतून पोरांनी दगडांवर दगड रचून यष्ट्या केल्या होत्या. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांस त्याच सणाला खामगावच्या दुकानातून नवी बॅट मिळाली होती. तिच्या पाठीपोटावर झगझगीत रंगांची चिकटपट्टी, जिला आता लहानथोर सर्व स्टिकर म्हणतात ती, आणि तिच्यावर एका विख्यात फलंदाजाची छापील सही. तिसऱ्याच दिवशी बॅटीची मूठ हलू लागली, आणि स्वारी रडवेल्या तोंडाने आम्हांस घेऊन गावच्या म्हाताऱ्या सुताराकडे निघाली.

सुतारबाबांनी बॅट हातात घेतली. स्टिकर त्यांनी पाहिलाच नाही. लाकडाच्या रेषांवरून आंगठा फिरवला, बॅट दोन बोटांवर तोलली, मूठ कानाशी नेऊन हलवली. मग म्हणाले, "लाकूड बरं हाये. पण हे नाव कोनाचं?"

"तो टीव्हीवर खेळतो ना, त्याचं."

"त्यानं बनोली काय?"

"नाही हो बाबा, कंपनीनं."

"कंपनी म्हंजे कोन?"

पुतण्या आमच्या तोंडाकडे पाहू लागला. अठ्ठावीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवून ज्यांचे केस पिकले त्या आम्हांसही त्या वेळी उत्तर सुचले नाही. मूठ चिकटवून, दोरा आवळून झाला, आम्ही घरी आलो. परंतु तो प्रश्न काही आमच्याबरोबर परत येण्याचे सोडीना. पुढे आम्ही या विषयाची थोडी माहिती मिळविली. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात बॅटींची चर्चा कशाला, असे कोणा वाचकांस वाटेल, तर त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की प्रश्न बॅटीचा असला तरी बॅटीपुरता नाही.

धंदेवाईक खेळाडूंच्या वर्तुळात एक गोष्ट उघड गुपित म्हणून सर्वांस ठाऊक असते. फलंदाजाच्या बॅटीवर ज्या कंपनीचे नाव झळकते, तिनेच ती बॅट घडविलेली असते असे नाही. काही जुन्या पेढ्या आपल्या खेळाडूंच्या बॅटी आपल्याच कारखान्यात करतात, हे खरे. परंतु पुष्कळदा खेळाडूचा विश्वास एका कारागिराच्या हातावर असतो आणि त्याचा करार दुसऱ्याच कंपनीशी असतो. अशा वेळी मेरठच्या, जालंदरच्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या लहानशा कर्मशाळेतून कोरी बॅट येते, तिच्यावर कराराचे नाव चिकटविले जाते, आणि जगाला ते नाव दिसते. कारागीर बहुधा बोलत नाही. मौन हाही सौद्याचाच एक भाग असतो.

आता ही बॅट कशी होते ते थोडे पाहू. कारण 'कोणी केली' या प्रश्नाचे उत्तर 'कशी केली' यात बरेचसे दडलेले आहे. उत्तम बॅटीचे लाकूड म्हणजे इंग्लंडातील, विशेषतः एसेक्स आणि सफोक या परगण्यांतील, पांढऱ्या विलोची एक जात. झाड पंधरा-वीस वर्षांत तोडण्याजोगे होते. बुंध्याचे ओंडके करून ते उभे फोडतात आणि तुकड्यांची टोके मेणात बुडवितात, म्हणजे वाळताना तडा जात नाही. मग महिनोन्‌महिने वाळवण. वाळलेला विलो हलका असतो, पण इतका मऊ की त्याच्यावर तसाच चेंडू मारला तर खोच पडावी. म्हणून त्यास यंत्राच्या रुळांखाली जबर दाब देतात. हा दाब कमी पडला तर बॅट लवकर फुटते, अधिक झाला तर ती निर्जीव होते. यानंतर आग्नेय आशियातील वेताची मूठ पात्यात पाचरीसारखी बसवायची. ही पाचरीची युक्ती 1880 च्या सुमारास चार्ल्स रिचर्डसन नावाच्या इंजिनिअराने काढली. सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे-बोगद्याचा तो पहिला मुख्य इंजिनिअर होता. बोगदे खणणाऱ्याच्या डोक्यातून फलंदाजाच्या मनगटाचे सुख निघावे, ही गंमतच आहे.

खरी कसोटी यापुढची. दोन्ही हातांनी ओढायच्या सुऱ्याने आणि रंध्याने कारागीर पात्याचा पोटफुगवटा काढू लागतो. वजन तेच ठेवून फुगवटा बोटभर वर किंवा खाली सरकविला की एकच बॅट कोणाच्या हाती पिसासारखी लागते आणि कोणाच्या हाती मुसळासारखी. खेळाच्या नियमांनी बॅटीची रुंदी सव्वाचार इंच आणि लांबी अडतीस इंच ठरविली आहे. 2017 च्या ऑक्टोबरपासून कडांची जाडी 40 मिलिमीटर आणि पात्याची खोली 67 मिलिमीटर यांहून अधिक असता कामा नये असेही ठरले. परंतु या चौकटीच्या आत जो तोल साधायचा असतो त्याला कोणतेही माप नाही. कारागीर बॅट उचलतो, हवेत हलवितो, खाली ठेवतो, आणखी एक पातळ ढलपी काढतो. हे ज्ञान बोटांत राहते आणि बहुधा बापाकडून मुलाकडे येते.

आपल्या देशात या विद्येचे माहेर सियालकोट. आज मेरठेत असलेली आणि सुनील गावसकरांच्या नावाशी ज्यांच्या बॅटींचे नाव जोडले गेले ती एस. जी. ही पेढी 1931 साली सियालकोटासच निघाली. 1947 च्या फाळणीने ही मंडळी उखडली गेली आणि मेरठ, जालंदर येथे पुन्हा रुजली. घरे गेली, यंत्रे राहिली, परंतु बोटे बरोबर आली. काश्मिरात अनंतनागजवळ संगमच्या परिसरात रस्त्याच्या दुतर्फा विलोच्या फळ्यांच्या ज्या चळती वाळत असतात, त्यांतल्याच एखादीतून आमच्या पुतण्याच्या बॅटीसारख्या बॅटी निघतात. म्हणजे सुतारबाबांनी ज्या फळीवरून आंगठा फिरविला तिच्यामागे लागवड करणारा, फोडणारा, वाळविणारा, दाबणारा, तासणारा अशी माणसांची लांबलचक रांग उभी होती. आणि नाव होते ते रांगेत कधीच उभ्या न राहिलेल्या माणसाचे.

आमच्या नैयायिकांनी कारणाचा विचार करताना घटाचे उदाहरण घेतले आहे. माती हे समवायी कारण; कुंभार, चाक आणि दांडा ही निमित्तकारणे. मग शंका निघाली की ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव घटाचे कारण का नव्हे? नैयायिकांनी उत्तर दिले की माती दुसऱ्या रीतीनेही आली असती, सबब गाढव 'अन्यथासिद्ध' होय. ते घटापूर्वी हजर होते, पण घट त्याच्यामुळे झाला नाही. वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थी हमखास हसतात. बॅटीवर नाव चिकटविणारी कंपनी या हिशेबाने कोण ठरते, हे आम्ही मोठ्याने सांगत नाही. एवढेच म्हणतो की कुंभाराच्या गाढवाने घटावर आपले नाव घालण्याचा आग्रह कधी धरल्याचे ऐकिवात नाही.

पण हे झाले हसण्यावारी नेणे. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. सचिन तेंडुलकर 1996 च्या विश्वचषकात खेळले तेव्हा त्यांच्या बॅटीवर कोणत्याही पुरस्कर्त्याचा स्टिकर नव्हता. त्या कोऱ्या बॅटीने त्यांनी 523 धावा केल्या, त्या स्पर्धेतील सर्वांत अधिक. पुढे त्यांच्या बॅटीवर एम. आर. एफ. ही अक्षरे आली आणि ती इतकी मुरली की खेड्यापाड्यांतील पोरे कोळशाने आपल्या फळकुटांवर तीच अक्षरे लिहू लागली. ही कंपनी टायरांची. 1946 साली मद्रासेत ती सुरू झाली तीच मुळी खेळण्यातले फुगे करण्यासाठी. आता आम्हांस असे वाटते की टायरवाल्याचे नाव बॅटीवर असण्यात असत्य सर्वांत कमी आहे. रबराच्या कारखान्यात विलो तासला जातो असे कोणी शहाणा समजत नाही. ते नाव म्हणजे भिंतीवरची जाहिरात, भिंत गवंड्याने बांधली हे सर्वांस माहीत. नागपुरास जन्मलेल्या सी. के. नायडूंनी 1941 साली यकृताच्या एका टॉनिकाला आपले नाव दिले, तेव्हाही ते औषध त्यांनी खलबत्त्यात कुटले अशी कोणाची समजूत झाली नसेल. खरा घोटाळा होतो तो बॅटींच्याच एका पेढीचे नाव दुसऱ्याच कर्मशाळेच्या बॅटीवर येते तेथे. कारण तेथे नाव 'हे मी केले' असे बोलते, आणि गिऱ्हाईक त्या बोलण्यावर पैसे मोजते.

शिवाय फलंदाजाचाही बॅट घडविण्यात वाटा असतो, तो नाकारता येणार नाही. प्लेटोने म्हटले आहे की वस्तूचे खरे ज्ञान वापरणाऱ्याला असते. बासरी कशी असावी हे वाजविणारा सांगतो आणि करणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. तेंडुलकर तीन पौंडांहून अधिक वजनाची बॅट वापरीत. दुसऱ्या कोणास ती अवजड झाली असती. ती तशी हवी हे ज्ञान त्यांचे होते, कारागिराचे नव्हे. तेव्हा फलंदाजाचे नाव बॅटीवर असणे हे निव्वळ उपरे नाही. प्लेटोच्या विवेचनात एकच गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली आहे. वापरणाऱ्याला ज्ञान आणि करणाऱ्याला केवळ विश्वास, अशी वाटणी करताना तो करणाऱ्याच्या बोटांतील ज्ञान मोजायचेच विसरला. ज्या नगरात हाताने काम करणारे बहुतेक गुलाम किंवा परके होते, तेथे हे विस्मरण सोपे होते.

आपल्याकडेही ते सोपे होते. गेल्याच्या मागल्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात पाळवणकर बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार जातीतील तरुण खेळपट्टी राखीत आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग या नामांकित फलंदाजाने त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास हात साफ केला; बाळूंच्या हाती मात्र कोणी बॅट दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली तेव्हा त्यांस मैदानात घेतले. चेंडू सर्वांनी एकच शिवायचा, परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस लाभले नाही, ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. हातांचे काम चालावे आणि हातांच्या मालकाचे नाव चालू नये, ही चाल जाहिरातदारांनी काढलेली नाही. त्यांना ती तयार मिळाली.

यावर कोणी म्हणेल की कारागिराची तक्रार नसेल तर तुम्ही का कंठशोष करता? त्याला दाम मिळतो, त्याने करार राजीखुशीने केलेला असतो. हा युक्तिवाद आम्हांस काही दिवस पटलाही होता. तो ढिला झाला तो पुन्हा त्याच सुताराच्या पडवीत. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सुतारबाबांना मुद्दाम विचारले, "बाबा, तुम्ही इतक्या तिफणी केल्या, वखर केले, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल केले. कशावर आपले नाव कोरावेसे वाटले नाही?"

त्यांनी आमच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. "नाव कशाले भाऊ? मोडली तं मायाच दारी येतात."

हे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहो. आम्ही नावाचा विचार करीत होतो तो मानाच्या अंगाने. म्हाताऱ्याने तो जबाबदारीच्या अंगाने केला. तिफण ऐन पेरणीत मोडली की कुणबी ज्याच्या दाराशी जातो, तो तिचा कर्ता. मृगाचा पाऊस पडून गेला आहे, बैल उभे आहेत, अशा वेळी कोणी करारपत्र पाहात नाही. हीच कसोटी बॅटीला लावून पाहिली तर नवल वाटते. दक्षिण मुंबईत बॅटी दुरुस्त करणारी काही लहान दुकाने आहेत. त्यांतल्या एकाकडे तेंडुलकरांपासून कितीतरी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या बॅटी येत, हे वृत्तपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. म्हणजे बॅटीला चीर गेली, तोल बिघडला की खेळाडू बरोबर ओळखतो की जायचे कोणाकडे. स्टिकरवरच्या पत्त्यावर तो जात नाही. कर्ता कोण हे त्याला पक्के माहीत असते. माहीत नसते ते मूठभर बचतीतून मुलाला बॅट घेऊन देणाऱ्या बापाला. त्याची बॅट मोडली तर त्याने कोणाच्या दारी जावे?

आमच्या सुतारबाबांचे जग फार सुरेख होते असा मात्र कोणी अर्थ काढू नये. बलुत्याच्या व्यवहारात कर्त्याचे दार सर्वांस ठाऊक असे, कारण ते दार सोडून दुसरीकडे जाण्याची त्याला सोयच नव्हती. खळ्यावरचे त्याचे बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर. आणि नावाचे म्हणाल, तर आम्ही लहानपणापासून ज्यांना सुतारबाबा म्हणत आलो त्यांचे पाळण्यातले नाव या भेटीत प्रथमच विचारले. विचारताना आमची जीभ अडखळली, हे कबूल केले पाहिजे. मेरठेतल्या कारागिराला निदान दुसरी नोकरी धरता येते. तेव्हा मागे जाणे हा उपाय नव्हे.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले, ते सोपे होते. परंतु त्या पडवीतून परतताना खामगावच्या मोटारीत आम्हांस आठवण झाली ती आमच्याच एका स्टिकरची, आणि ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

वीसएक वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने आमच्याकडे तर्कशास्त्राचे विद्यार्थ्यांसाठी पुस्तक मागितले. आमच्या विभागात त्या वेळी तासिका तत्त्वावर एक तरुण शिकवीत असत. बुद्धी तल्लख, अक्षर मोत्यासारखे, आणि नोकरी मार्चमध्ये संपणारी. पुस्तकाची बारा प्रकरणे. त्यांपैकी प्रस्तावना, पहिले प्रकरण आणि शेवटचे आमचे. बाकीची त्यांनी लिहिली, उदाहरणे त्यांनी रचली, मुद्रिते त्यांनी तपासली. आम्ही वाचून इकडेतिकडे लेखणी फिरविली. प्रकाशक म्हणाले की मुखपृष्ठावर दोन नावे नकोत, नवख्याचे नाव खपास मारक होते. आम्ही त्या तरुणांस विचारले. ते म्हणाले, "सर, तुमचेच असू द्या. माझे काय!" त्यांना प्रकाशकाने काही रक्कम दिली, प्रस्तावनेच्या अखेरीस आम्ही 'बहुमोल साहाय्य' अशा दोन शब्दांत त्यांचे आभार मानले. पुस्तक अनेक वर्षे चालले. आमच्या बढतीच्या अर्जात त्याची नोंद आहे.

राजीखुशीचा युक्तिवाद आम्हांस इतका पटत का होता, हे वाचकांच्या आता ध्यानी आले असेल. मार्चमध्ये ज्याची नोकरी संपते, त्याचा होकार आणि नकार यांत किती अंतर असते, हे आम्हांस त्या वेळीही कळत होते.

एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो होतो, ती सुतारबाबांच्या शब्दाने वर आली. पुस्तक निघून दोनएक वर्षे झाली असतील. दुसऱ्या एका महाविद्यालयातील अध्यापकांचे पत्र आले की हेत्वाभासांच्या प्रकरणात एका उदाहरणाची फोड चुकली आहे, आणि विद्यार्थी परीक्षेत तसेच लिहीत आहेत. आम्ही पान उघडले, दोनदा वाचले, आणि आम्हांस निश्चित काही सांगता येईना. मग आम्ही काय केले? तो तरुण तोवर दुसऱ्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात लागला होता. त्यास आम्ही फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी दोन पानी खुलासा पाठविला. चूक होती, तिचे कारण होते, दुरुस्तीही होती. तो खुलासा आम्ही आमच्या अक्षरात उतरवून, आमच्या सहीने, त्या अध्यापकांकडे रवाना केला. त्यांचे उलट टपाली आभाराचे पत्र आले. ते अजून आमच्या कपाटात आहे.

अमडापुराहून परतल्यावर आम्ही प्रकाशकांस लिहिले की पुढील आवृत्तीत दोन नावे असावीत, आणि दुसरे नाव आधी असावे. उत्तर सौजन्याचे आले. अभ्यासक्रम बदलल्यामुळे पुढील आवृत्ती निघणे नाही. गोदामात थोड्या प्रती शिल्लक आहेत, मुखपृष्ठ पुन्हा छापणे परवडणार नाही, परंतु आमची तशी इच्छाच असेल तर दुसरे नाव छापलेली एक पट्टी प्रत्येक प्रतीवर चिकटविता येईल.

आम्ही होकार कळविला आहे. त्याआधी त्या गृहस्थांस एक पत्र लिहून सर्व हकीकत कळविली, आणि त्यांचे पूर्ण नाव कसे छापावे ते विचारले. कारण प्रस्तावनेत आम्ही त्यांचे आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच दिले होते. ते आता पन्नाशीला आले असतील. पत्र टाकून आज सतरा दिवस झाले, त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.